कारवीच्या बीजवर्षासाठी : जैवविविधता मंडळास व वन विभागास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक, महाराष्ट्र राज्य, नागपूर
तसेच सह्याद्रीतील ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या

विषय : कारवी फुलल्यापासून तिचे बी रुजेपर्यंतच्या काळात तिला संरक्षण मिळण्याबाबत

महोदय,

मी रायगड जिल्ह्यात, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो. कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरचा बराचसा वेळ आसपासच्या उतारांवर जातो. हे पत्र एका झुडपाबद्दल आहे. ते दुर्मीळ नाही आणि संरक्षित वनस्पतींच्या यादीतही नाही. त्याला जपा असे म्हटले तर ऐकणाऱ्याला प्रथम नवल वाटेल, कारण पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कोणत्याही घाटातून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते गर्दी करून उभे असते. ते झुडूप म्हणजे कारवी. तिच्यासाठी मी काय मागतो आहे आणि काय मागत नाही, हे नीट कळावे म्हणून तिच्या दक्षिणेकडच्या बहिणीविषयी, नीलकुरिंजीविषयी, आधी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते.

दोघीही स्ट्रोबिलँथिस या एकाच प्रजातीतल्या. नीलकुरिंजीचे शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथिस कुंथियाना, तर कारवीचे स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. लॅटिनमध्ये कॅलोसा म्हणजे घट्टे पडलेली, आणि कारवीच्या जुन्या फांदीवरून बोट फिरवले की हे नाव पटते. दोघींचे कूळ आपल्या अडुळशाचे, अबोलीचे आणि कोरांटीचे. मात्र अडुळसा किंवा कोरांटी वर्षानुवर्षे फुलत राहते, तशा या दोघी फुलत नाहीत. त्या आयुष्यात एकदाच फुलतात आणि बी धरून मरतात. त्यातही एकेकटे झुडूप आपल्या सवडीने फुलत नाही; एका वर्षी उगवलेली सगळी पिढी वर्षे मोजल्यासारखी थांबते आणि ठरलेल्या पावसाळ्यात एकदमच फुलते. नीलकुरिंजीचे हे चक्र बारा वर्षांचे आहे. कारवी बोलीभाषेत सात वर्षांनी फुलते असे म्हणतात, आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०००, २००८, २०१६ आणि २०२४ असे तिचे फुलोरे आले, म्हणजे एका फुलोऱ्यापासून पुढच्यापर्यंत आठ वर्षे. सातवे की आठवे हा वाद बहुधा मोजणी कुठल्या पावसापासून धरायची याचाच असावा. प्रत्येक डोंगराचे वर्ष मात्र वेगळे असू शकते, आणि या गोष्टीकडे मला पुढे परत यायचे आहे.

नीलकुरिंजी केरळ आणि तमिळनाडूच्या उंच डोंगरांवर, साधारण १३०० ते २४०० मीटरांच्या टापूत, शोला म्हणजे घळींतल्या सदाहरित जंगलांना लागून असलेल्या गवताळ पठारांवर वाढते. अण्णामलै, पळणी आणि निलगिरी हे तिचे मुख्य प्रदेश. झुडूप बहुधा गुडघ्याच्या आतबाहेर राहते. प्राचीन तमिळ संगम कवितेने भूप्रदेशाचे जे पाच प्रकार मानले, त्यांतल्या डोंगराळ प्रदेशाला या फुलाचेच नाव दिले. कोडाईकनालला कुरिंजी आंडवर म्हणजे कुरिंजीचा देव म्हणून मुरुगनाचे देऊळ आहे. डोंगरांवरच्या आदिवासी समाजांत माणसाचे वय त्याने किती कुरिंजी पाहिल्या यावरून सांगण्याची रीत होती. या फुलोऱ्याच्या सालांची मालिका १८३८ पर्यंत मागे जाते, आणि अलीकडची वर्षे, म्हणजे १९७०, १९८२, १९९४, २००६ आणि २०१८, तर तिथल्या कोणत्याही शाळकरी मुलाला विचारावीत. पुढचे वर्ष २०३०.

इतका मान असूनही त्या पठारांचे व्हायचे ते झालेच. चहाचे मळे आले, निलगिरीच्या झाडांची आणि वॉटल या परदेशी बाभळीची लागवड आली, रस्ते आणि हॉटेले आली, आणि गवताळ पठारे आक्रसत गेली. त्याविरुद्ध १९८० च्या दशकापासून तिथल्या निसर्गप्रेमींनी कुरिंजी वाचवण्याची चळवळ चालवली. २००६ च्या फुलोऱ्याच्या वर्षी टपाल खात्याने कुरिंजीचे तिकीट काढले आणि त्याच वर्षी केरळ सरकारने इडुक्की जिल्ह्यात सुमारे ३२ चौरस किलोमीटरचे कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केले. एका फुलझाडासाठी अख्खे अभयारण्य ही साधी गोष्ट नव्हे. जमिनीच्या हक्कांचे वाद तिथे पुढे बरीच वर्षे चालले, तरीही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, आणि संरक्षित वनस्पतींच्या यादीत पूर्वी जी केवळ सहा नावे होती ती वाढवताना नीलकुरिंजीचेही नाव तिसऱ्या अनुसूचीत आले. आता वनक्षेत्रातून ती उपटणे किंवा तोडणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकेल असा गुन्हा आहे. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, कोणत्या जातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या लाल यादीत तिची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात झाली.

कारवीच्या बाजूला यातले काहीच नाही. तिच्या नावाचे अभयारण्य नाही आणि कायद्याच्या अनुसूचीत तिचे नाव नाही. ती ज्या राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात वाढते तिथले नियम तिला आपोआप लागू होतात इतकेच. बोरिवलीच्या उद्यानात, भीमाशंकरात, कोयनेत ती त्या आधाराने राहते. पण तिचा मोठा पसारा या कुंपणांच्या बाहेर आहे. डांग आणि सातपुड्यापासून महाराष्ट्राचे सगळे घाट धरून गोवा-कर्नाटकापर्यंत ती पसरली आहे, आणि त्यातला पुष्कळ भाग राखीव वनांचा, गावकुरणांचा, खासगी डोंगरांचा आणि आता फार्महाऊसच्या भूखंडांचा आहे.

कारवी आज संकटात आहे असा दावा मी करीत नाही. नीलकुरिंजीच्या पंगतीत तिला बसवावे, अशीही माझी मागणी नाही. दोघींची स्थिती वेगळी आहे आणि ती वेगळी मानलीच पाहिजे. नीलकुरिंजी डोंगरमाथ्यांच्या तुटक पठारांवर राहते. एक पठार गेले तर तिला खाली सरकायला जागा नाही. कारवी उतारावर राहते, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते, कातळाच्या कडेलाही वाढते, आणि उतारांची सह्याद्रीत कमतरता नाही. एकीचा धोका जागेचा आहे. दुसरीचा धोका काळाचा आहे, आणि तो कोणत्याही नकाशावर दिसत नाही, म्हणून हे पत्र.

कारवीच्या एका पिढीचा हिशोब असा आहे. जूनमध्ये बी रुजते. पहिली एक-दोन वर्षे रोप बोटभर, वीतभर राहते. मग ते उंच होऊ लागते, आणि पाच-सहा वर्षांत पुरुषभर किंवा त्याहून उंच, सरळसोट फोकांचे रान तयार होते. दरवर्षी उन्हाळ्यात त्याची पाने झडतात आणि पावसात मोठी, खरखरीत पाने पुन्हा येतात. फुलण्याच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत निळ्या-जांभळ्या, क्वचित गुलाबीकडे झुकणाऱ्या घंटांनी उतार भरून जातो, आणि आग्या व सातेरी मधमाश्यांची तिथे अशी वर्दळ असते की त्या आवाजात हळू बोललेले ऐकू येत नाही. कारवीचा मध म्हणून जो दाट, गडद मध डोंगरात मोलाचा मानतात, तो याच दिवसांतला. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले; त्या भागातल्या मधाळांना कारवीचे वर्ष कोणते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

फुले गळतात, बोंडे धरतात आणि झुडूप सुकू लागते. इथपर्यंत पाहायला लोक येतात. यापुढचे आठ महिने पाहायला सहसा कोणी येत नाही, आणि माझे सगळे म्हणणे त्या आठ महिन्यांबद्दल आहे.

कारवीचे बी पिकले की लगेच जमिनीवर पडत नाही. सुकलेले बोंड घट्ट मिटलेले राहते आणि बी आतच थांबते. नोव्हेंबर, डिसेंबर, सारा हिवाळा आणि सारा उन्हाळा मेलेली कारवी उभ्या उभ्या आपले बी धरून ठेवते. या काळात त्या रानातून चालले तर चिकट, उग्र वासाचा लेप कपड्यांना लागतो आणि फोक खांद्यावर खुळखुळतात. मग जूनमध्ये पहिली सर येते. पाणी पिऊन बोंडाच्या भिंती ताणल्या जातात आणि बोंड तड्कन उकलते, बी काही हात दूर उडते. एक बोंड उकलले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण अख्खा उतार एकाच सरीत उकलू लागतो. मी हे आयुष्यात तीनदा ऐकले आहे. कढईत जोंधळ्याच्या लाह्या फुटू लागल्यावर जसा आधी सुटा सुटा आणि मग एकसारखा आवाज होतो, तसा तो आवाज सर्व बाजूंनी येतो. छत्री मिटून उभे राहिले तर बी गालावर लागते. त्या ओल्या मातीत आठवड्या-दोन आठवड्यांत जे अंकुर दिसतात, ती पुढच्या आठ वर्षांची कारवी. तिच्याजवळ दुसरे बी नसते. मधल्या वर्षांत चुकून फुललेली चार-दोन झुडपे असतात, पण त्यांवर उताराचा भार पडू शकत नाही.

म्हणजे ऑक्टोबर ते जून या काळात त्या उताराची मागची पिढी मेलेली असते आणि पुढची पिढी वाळक्या फांद्यांवर, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, उघड्यावर टांगलेली असते. आणि आपल्याकडे वणव्यांचे दिवस नेमके तेच असतात.

आमच्या घरापासून दीड तासाच्या चालीवर एकाच डोंगराचे दोन उतार आहेत, मध्ये एक ओहोळ आहे. २०१६ च्या पावसाळ्यात दोन्ही उतारांवर कारवी भरभरून फुलली. मार्च २०१७ मध्ये ओहोळाच्या अलीकडच्या उताराला आग लागली. कोणी लावली, की गवत चांगले फुटावे म्हणून खाली पेटवलेले वर चढले, की कोणाची विडी पडली, हे मला माहीत नाही आणि त्यावरून कोणाला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. सुकलेली कारवी इतकी दाट आणि इतकी कोरडी होती की रात्री गावातून पाहताना आग पसरते आहे असे न वाटता उतार एकदमच उजळला असे वाटले. सकाळी मी वर गेलो. राखेत बोंडे सापडत होती, पण हातात घेतली की चुरा होत होता. ओहोळाने पलीकडचा उतार वाचवला होता.

जूनमध्ये पलीकडच्या उतारावर पाय ठेवायला जागा मिळेना इतके अंकुर आले. अलीकडे, ओहोळाच्या काठाला आणि मोठ्या दगडांच्या आडोशाला जी थोडी बोंडे वाचली असतील, तेवढ्यांचेच काय ते उगवले. त्या मोकळ्या जागेत तीन पावसाळ्यांत रानमोडीचे तण शिरले, त्यामागून घाणेरी आली. २०२४ मध्ये पुन्हा कारवीचे वर्ष आले तेव्हा मी दोन्ही उतारांसमोर उभा राहिलो. पलीकडचा निळा होता. अलीकडच्यावर मी चालत चालत फुललेले फोक मोजले आणि एका दुपारीत मोजून संपले. त्या उताराची माती आता दर पावसात ओहोळात येते, हे ओहोळाचे पाणी पाहून कळते. पूर्वी ते स्वच्छ असे.

हे एका माणसाचे, एका डोंगरावरचे निरीक्षण आहे. त्याला मी संशोधन म्हणत नाही. पण असे किती उतार एका रात्रीत आपले आठ वर्षांचे बी गमावतात हे आपण मोजले पाहिजे, आणि मोजण्यासाठी कोणता उतार कोणत्या वर्षी फुलतो हे आधी नोंदलेले असले पाहिजे.

लाल यादीच्या मोजमापाचाही इथे संबंध आहे. एखाद्या जातीची घट त्या यादीसाठी मोजताना दहा वर्षे किंवा त्या जातीच्या तीन पिढ्या, यांत जो काळ मोठा असेल तो धरतात. नीलकुरिंजीच्या तीन पिढ्या म्हणजे छत्तीस वर्षे. तिथे प्रत्येक फुलोऱ्याचे साल लोकांनी जपले होते, आधी कुठे फुलत होती आणि आता कुठे फुलत नाही हे सांगणारी माणसे आणि कागद होते, म्हणून तिच्या घटीबद्दल बोलता आले. कारवीच्या तीन पिढ्या म्हणजे चोवीस वर्षे. बोरिवलीच्या उद्यानात २००० च्या फुलोऱ्यापासून २०२४ च्या फुलोऱ्यापर्यंत नेमक्या तीन पिढ्या पुऱ्या झाल्या. उद्यानाचे वर्ष मुंबईकरांना पाठ आहे, वर्तमानपत्रे ते छापतात. पण सुधागडाच्या, माळशेजच्या, भंडारदऱ्याच्या, जावळीच्या आणि आंबोलीच्या कोणत्या उतारावर कोणत्या साली फुलोरा आला हे गुराख्यांच्या, वनरक्षकांच्या आणि डोंगरभटक्यांच्या आठवणीत विखुरलेले आहे. ती माणसे म्हातारी होत आहेत. पुढे कधी कारवीची स्थिती तपासायची वेळ आली, तर तुलनेला धरायला आपल्या हाती काय असेल?

आता संरक्षण म्हणजे काय हवे, याविषयी. नीलकुरिंजीला लावलेला कायदा जसाच्या तसा कारवीला लावू नये, अशी माझी पहिलीच विनंती आहे. कारण कारवी हे नुसते पाहण्याचे फूल नाही. ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली घरांच्या भिंती पिढ्यानुपिढ्या कारवीच्या कुडाच्या होत्या, आणि पुष्कळ पाड्यांवर अजून आहेत. आमच्या शेजारच्या वाडीत एका आजींच्या घराची भिंत नवी करताना मी एक सकाळ बसून पाहिली. त्यांच्या सुनेने कारवीचे फोक सारख्या उंचीचे निवडून घेतले, बांबूच्या कामट्यांना एकाला एक लावून बांधले, आणि शेण, माती आणि भाताचा तूस पायांनी तुडवून दोन्ही बाजूंनी हाताने लिंपले. आजी लिंपलेल्या जागेवर तळवा टेकवून ओल पाहत होत्या. “भिताड ऊन घेतं पन आत येऊ देत नाय,” एवढेच त्या म्हणाल्या. वारली चित्रे ज्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढली जात, त्या भिंतींच्या आतही हीच कारवी असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात बांबू-वेतासोबत झुडपी काटक्याही धरल्या आहेत. कारवी अनुसूचीत घालून उद्या याच माणसांच्या हातातल्या मोळीवर गुन्हा नोंदला गेला, तर तो मोठा अन्याय होईल. शिवाय जे लोक तिचे वर्ष ओळखतात तेच तिच्यापासून तुटतील.

माझी मागणी वेळेपुरती आहे. ज्या उतारावर कारवी फुलली, त्या उतारावर त्या ऑक्टोबरपासून पुढच्या जूनमध्ये बोंडे उकलेपर्यंतचा काळ बीजवर्ष म्हणून ग्रामसभेच्या संमतीने जाहीर करावा. त्या आठ-नऊ महिन्यांत तिथली उभी सुकलेली कारवी कोणी तोडू नये, सरपणालाही नाही. बोंडे उकलली की तेच सुकलेले फोक लोकांनी न्यावेत. मधल्या सात वर्षांत कुडासाठी, मांडवासाठी, वेलांच्या आधारासाठी गावाने आपल्या रीतीने कारवी घ्यावी, त्यात कोणी आडकाठी करू नये. आमच्या वाडीतल्या लोकांशी मी हे बोललो आहे. त्यांना हे पटायला पाच मिनिटेही लागली नाहीत, कारण बी पडण्याआधी कापले तर पुढे कापायला काही राहणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

वणव्याबाबत वन विभागाकडे माझे मागणे असे आहे की जाळरेषा म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे कुठे काढायचे आणि अंगारी म्हणजे आगीवरचे राखणदार कुठे नेमायचे हे दर हिवाळ्यात ठरवताना, त्या वर्षी कारवी कुठे फुलली हा प्रश्न विचारला जावा. सगळे डोंगर सगळ्या वर्षी राखायला माणसे पुरत नाहीत हे मी जाणतो, नियतक्षेत्रात एकट्याने फिरणारा वनरक्षक मी पाहिला आहे. पण प्रत्येक उताराचे वर्ष वेगळे असल्यामुळे एका परिक्षेत्रात एका साली राखायचे उतार थोडेच निघतील. आठ वर्षांतून एकदा एका उताराला जास्तीची जाळरेषा आणि त्याच गावातले दोन-चार राखणदार मिळाले, तर तो उतार पुढची आठ वर्षे स्वतःला सांभाळील. साल ठाऊक असेल तर आहे त्याच मनुष्यबळात हे जमण्यासारखे आहे.

ही सालाची नोंद कुठे ठेवायची, त्याचे साधन कायद्यानेच दिले आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आहे आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही आहे. त्या नोंदवहीत कारवी, टोपली कारवी, आखरा, वायटी अशा एकदाच किंवा फार वर्षांनी फुलणाऱ्या झुडपांसाठी एक वेगळे पान असावे : उताराचे स्थानिक नाव, फुलोऱ्याचे साल, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आग लागली की नाही, आणि पुढच्या पावसात अंकुर कसे आले. एवढ्या चार गोष्टी लिहायला तज्ज्ञ लागत नाही. गावातले आठवी-नववीतले मूल शिक्षकांसोबत हे करू शकते, आणि त्याला पंचविशी येईपर्यंत त्याने दोन फुलोरे स्वतः नोंदलेले असतील. मंडळाने या पानाचा एक नमुना काढून समित्यांना पाठवावा आणि जमलेल्या नोंदी वन विभागाच्या कार्य आयोजनेला जोडाव्यात, अशी माझी विनंती आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. वृक्षलागवडीसाठी जागा निवडताना कारवीचा उतार कधी कधी ओसाड समजला जातो. उन्हाळ्यात पाने झडलेली कारवी काटक्यांच्या ढिगाऱ्यासारखी दिसते हे खरे, आणि फुलून मेल्यानंतरचे वर्ष तर पाहवत नाही. त्याच वर्षी तिथे साफसफाई करून खड्डे घेतले गेले, तर अंकुर आणि रुजण्याची माती दोन्ही जातात. लागवडीच्या जागेची पाहणी करणाऱ्याने ‘येथे कारवी होती किंवा आहे काय’ एवढे स्थानिकांना विचारून लिहावे. जिथे आहे तिथे लागवड करू नये. तिच्याच सावलीत जंगली झाडांची रोपे आपोआप वाढत असतात, वाकून पाहिले की दिसतात.

फुलोरा पाहायला येणाऱ्यांना अडवावे असे मी म्हणणार नाही. कासच्या पठारावर गर्दीला वळण लावण्यासाठी पुष्कळ काही करावे लागले, आणि पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून ही गर्दी वाढतच आहे. उतारावरची कारवी पठारावरच्या फुलांपेक्षा पायांना कमी सापडते, हे तिचे नशीब. येणाऱ्यांनी मात्र पायवाटेवरूनच जावे, आणि हिवाळ्यात त्याच उताराखाली तंबू ठोकून शेकोट्या पेटवणाऱ्यांना निदान बीजवर्षापुरते दुसरीकडे वळवावे.

शेवटची विनंती मंडळाला. आलापल्लीचे वनवैभव, जळगावची लांडोरखोरी, पुण्याचे गणेशखिंड उद्यान, बांबर्ड्याची रानजायफळांची राई आणि हिरण्यकेशी माशासाठी राखलेला आंबोलीचा परिसर, अशी जैविक वारसास्थळे महाराष्ट्राने जाहीर केली आहेत. त्यात कारवीचा एक उतार असावा. तो सगळ्यात सुंदर असण्याची गरज नाही. ज्या गावाला तो राखायचा आहे आणि ज्याच्या फुलोऱ्याचे साल चार माणसे एकमताने सांगू शकतात, असा तो असावा. तिथे बीजवर्षाची रीत आधी करून पाहावी, दोन फुलोरे जाऊ द्यावेत, आणि मग इतर ठिकाणी न्यावी. याला सोळा वर्षे लागतील. मी तेव्हा असेन की नाही सांगता येत नाही, म्हणून हे आताच लिहीत आहे.

माझ्याकडे १९९० पासूनच्या भटकंतीच्या वह्या आहेत. त्यांत आमच्या भागातल्या अकरा उतारांच्या फुलोऱ्याची साले, त्यांची वाडीवरची नावे आणि मला ठाऊक असलेल्या आगींच्या नोंदी आहेत. काही ठिकाणी साल खोडून पुन्हा लिहिले आहे, कारण वाडीतल्या माणसांनी नंतर चूक दाखवून दिली. या वह्यांची सुवाच्य प्रत मी आमच्या ग्रामपंचायतीच्या समितीला देत आहे आणि मंडळाने मागितल्यास त्यांनाही पाठवीन. त्यातल्या दोन उतारांचे वर्ष, माझी मोजणी बरोबर असेल तर, येत्या पावसाळ्यांपैकी एकात येते. आपल्या अधिकाऱ्यांना ते उतार दाखवायला मी वाडीतल्या मंडळींसह येईन. फुले असताना एकदा, आणि पुढच्या जूनमध्ये पहिली सर पडेल त्या दिवशी पुन्हा एकदा.

आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
जिल्हा रायगड